अनुकूल पक्षाचे पहिले भाषण

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की स्नेहसंमेलनाची चाहूल लागते आणि त्याबरोबरच वादविवाद स्पर्धेचा विषय शाळेच्या फळ्यावर झळकतो. पूर्वी हा विषय ‘विज्ञान : शाप की वरदान’ असा असे, कधी ‘शहर बरे की खेडे बरे’ असाही असे. हे विषय इतके झिजून गेले होते की, थोरल्या भावाचे भाषण धाकट्याने तसेच्या तसे पाठ म्हटले तरी परीक्षकांच्या ते ध्यानात येत नसे. अलीकडे या जुन्या मंडळींच्या पंगतीत एक नवा विषय येऊन बसला आहे : ‘संगणकावरील खेळ विद्यार्थ्यांना हितकारक आहेत.’ बेळगाव असो वा मडगाव, बडोदे असो वा इंदूर, जेथे मराठी मुले शिकतात तेथे हा विषय आज ना उद्या फळ्यावर येतोच.

मग चिठ्ठ्या टाकल्या जातात. ज्याच्या वाट्याला प्रतिकूल पक्ष येतो त्याचा चेहरा खुलतो. त्याचे अर्धे भाषण घरात रोज त्याच्या कानांवर पडतच असते. ज्याच्या वाट्याला अनुकूल पक्ष येतो, त्याच्याकडे मात्र सारे जण अनुकंपेने पाहू लागतात.

श्रोतेहो, नववीत शिकणारी अशी एक मुलगी आपण डोळ्यांपुढे आणावी. ती कल्पित आहे. परंतु शिक्षकांना आणि आईबापांना ती अगदीच अनोळखी वाटेल असे नाही. तिच्या हाती अनुकूल पक्षाची चिठ्ठी आली आहे. ‘तू हरलीस तरी तुला कोणी दोष देणार नाही,’ असे म्हणून मैत्रिणींनी तिचे सांत्वन केले आहे. तिची खरी अडचण मात्र निराळीच आहे. तिचा पाचवीतला धाकटा भाऊ वाचताना अडखळतो. ओळीवरून नजर घसरते, ‘कमल’चे ‘कलम’ होते, आणि पुस्तक मिटून तो आईच्या मोबाईलवर खेळू लागतो. आईचे मत ठाम आहे : या खेळांनीच पोराचे वाचन बिघडवले. आणि संमेलनाच्या दिवशी ही आई तिसऱ्या रांगेत बसणार आहे.

तिच्यासारखे विद्यार्थी अशा वेळी जे करतात, तेच तीही आधी करते. खेळांनी बुद्धी तल्लख होते, स्मरणशक्ती वाढते, हात चपळ होतात, एकाग्रता येते, इंग्रजी सुधारते, असे दहा फायदे ती वहीत एकाखाली एक मांडते आणि बाईंना दाखवते. बाई वही वाचतात आणि एवढेच विचारतात, ‘यातले तुला खरे कोणते वाटते?’

हा प्रश्न जुना आहे. आपल्या न्यायशास्त्रकारांनी वादसभेतील बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरावे म्हणून प्रमाणे आणि तर्क यांच्या आधाराने दोन पक्ष बोलतात तो ‘वाद’. काहीही करून जिंकायचे म्हणून बोलले जाते, छळाचाही आश्रय घेतला जातो, तो ‘जल्प’. आणि स्वतःचा असा कोणताच पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढायचे ती ‘वितंडा’. मराठीत आपण हा तिसरा शब्द तेवढा जिवंत ठेवला आहे, आणि तोही भांडणासाठी. शाळेतील वादविवाद हा बहुधा जल्प असतो. चषक एकच असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तरी जो विद्यार्थी आपला पक्ष वाद म्हणून तयार करतो, त्याला व्यासपीठावर एक सोय लाभते : समोरून कोणताही प्रश्न आला तरी त्याला दचकावे लागत नाही.

तेव्हा मुलीने वहीतील दहा फायदे खोडले आणि प्रारंभ व्याख्येपासून केला. ‘खेळ’ म्हणजे नेमके काय? आपल्या परंपरेत खेळाच्या पटाविषयी जो धाक आहे, तो थेट महाभारतातून आलेला आहे. युधिष्ठिर पटावर बसला आणि राज्य, भाऊ, पत्नी सारे गमावून उठला. परंतु त्याचा नाश सोंगट्यांनी केला, की पणाने केला? याच भूमीत सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपटही खेळला जात होता. परंपरा त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडते. त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कवड्या त्याच, पट तसाच. एका खेळाने घर मोडले, दुसऱ्याने लहान मुलांना पापपुण्याचा हिशेब शिकवला. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्यानेही हीच रेषा ओढली आहे. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर त्याने बंदी घातली. क्रीडास्पर्धा म्हणून खेळले जाणारे आणि निव्वळ करमणुकीचे वा शिक्षणाचे खेळ त्याने निराळे काढून त्यांच्या संवर्धनाची भाषा केली. कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या ज्या करुण कथा प्रतिपक्ष सांगेल, त्यांतील बहुतेक या रेषेच्या पलीकडच्या आहेत. अनुकूल पक्षाने त्या नाकारू नयेत. त्या जुगाराच्या कथा आहेत, एवढेच शांतपणे सांगावे.

मात्र येथे एक खाचही आहे, आणि ती प्रतिपक्षाला सापडण्याआधी आपणच दाखवून द्यावी हे बरे. अनेक खेळांत पैसे घेऊन बंद पेट्या विकल्या जातात. पेटीत काय निघेल ते नशिबावर अवलंबून. बेल्जियमच्या जुगार-नियामकांनी २०१८ मध्ये अशा विकत घ्यावयाच्या पेट्या जुगारच आहेत असा निर्णय दिला. म्हणजे खेळाच्या पोशाखात जुगार घरात शिरू शकतो. व्याख्या करणाराने आपल्या व्याख्येची ही उसवलेली शिवणही पाहून ठेवावी.

संगणकावरील खेळाचा जन्मही भाषणात उपयोगी पडण्यासारखा आहे, कारण तो बाजारात झाला नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर ब्रुकहेव्हन येथे एक राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे लोकांना प्रयोगशाळा दाखवण्याचे दिवस असत. लोक येत, निर्जीव यंत्रे आणि तक्ते पाहत आणि जांभया देत निघून जात. विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाला ते पाहवले नाही. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या विद्युत्-यंत्रणेवर काम करीत होता, आणि युद्ध संपल्यावर त्याने अण्वस्त्रांच्या प्रसाराविरुद्ध आपली शक्ती खर्च केली. प्रयोगशाळेत एक लहानसा गणकयंत्र होते. उडणाऱ्या चेंडूचा मार्ग ते काढू शके. १९५८ च्या ऑक्टोबरात हिगिनबॉथमने ते यंत्र एका वाटोळ्या, जेमतेम पाच इंचांच्या पडद्याला जोडले आणि त्यावर टेनिसचा खेळ उभा केला. मधोमध जाळीची एक रेघ, आणि तिच्यावरून ये-जा करणारा एक प्रकाशबिंदू. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक फिरवायची कळ आणि एक दाबायची कळ. लोकांनी रांगा लावल्या. गुरुत्वाकर्षणाने चेंडू खाली कसा येतो, हे त्यांनी खेळता खेळता बोटांनी जाणले. या शोधाचे एकस्वही हिगिनबॉथमने कधी घेतले नाही. सामान्य माणसाला विज्ञानाचा कंटाळा येऊ नये म्हणून एका शास्त्रज्ञाने केलेली खटपट, असा या खेळाचा उगम आहे. ज्या शिक्षकाच्या वर्गात दुपारच्या तासाला मुले पेंगतात, त्याला हिगिनबॉथमची अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

पण उगम पवित्र म्हणून प्रवाह पवित्र, असे सिद्ध होत नाही. मुलीला प्रमाणे हवी होती, आणि ती तिला मिळाली. फक्त ती तिच्या अपेक्षेप्रमाणे नव्हती. रॉचेस्टर विद्यापीठातील शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅव्हेलियर या संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना अशा खेळांची सवय नव्हती अशा काही जणांना त्यांनी रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस पडद्यावरचा युद्धाचा, बंदुका झाडण्याचा खेळ खेळायला लावला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ टेट्रिस दिला. टेट्रिस म्हणजे वरून पडणाऱ्या ठोकळ्यांची रचना करण्याचा तो सालस रशियन खेळ. नंतर दोन्ही गटांच्या दृष्टीच्या अवधानाची परीक्षा घेतली. एकाच वेळी किती वस्तूंवर लक्ष राहते, नजरेच्या कडेला घडणारे किती टिपले जाते, असे मोजमाप होते. सुधारणा अधिक दिसली ती पहिल्या गटात.

येथे मुलगी थबकली. तिला वाटले होते, ठोकळे जुळवण्याच्या शहाण्या खेळाची बाजू घ्यावी आणि बंदुकांच्या खेळाला दारातूनच परत पाठवावे. प्रयोग तर उलटे सांगत होता. पण विचार केला तर यात नवल नाही. कोपऱ्यातून कोण येतो, कोणता मित्र, कोणता शत्रू, हे क्षणात ठरवण्याचा सराव ज्या खेळात घडतो, तो नजरेला वळण लावणारच. गल्लीतील लगोरीतही हेच होते. तेथे चेंडू कोणाच्या हातात आहे याकडे पाठीलाही डोळे फुटावे लागतात. प्रमाण आपल्या आवडीचे नसले तरी ते जसे आहे तसे सांगायचे, हे मुलगी येथे शिकली, आणि तिच्या भाषणाचा सूर येथून बदलला.

२००७ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी अशाच दहा तासांच्या सरावाचा आणखी एक परिणाम नोंदवला. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याची जी शक्ती भूमितीला आणि यंत्रांच्या आराखड्यांना लागते, तीत चाचण्यांतून मुलगे आणि मुली यांच्यात फरक दिसत आलेला आहे. सरावानंतर तरुणींची प्रगती तरुणांहून अधिक झाली, दोघांतले अंतर घटले, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा कमाई टिकून होती. प्रयोगातील विद्यार्थी मोजकेच होते, हे मुलीने वहीत समासात लिहून ठेवले. तरीही हा मुद्दा तिने भाषणात घेतलाच. घरात मोबाईल भावाच्या हाती आणि विळी-पोळपाट बहिणीच्या, अशी वाटणी अजूनही अनेक घरांतून आहे. ज्या सरावाचा मुलींना अधिक लाभ होतो तो बहुतेक मुलग्यांनाच मिळतो, हे तिसऱ्या रांगेतील आईनेही ऐकावे अशी तिची इच्छा होती.

शस्त्रवैद्यांचे प्रमाण मात्र बाईंनी तिला जपून वापरायला सांगितले. त्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये, अमेरिकेतील एका अभ्यासात तेहतीस शस्त्रवैद्यांची पाहणी झाली. पोटाला लहानसे छिद्र पाडून, आत दुर्बीण घालून, पडद्यावर पाहत करावयाच्या शस्त्रक्रियेचा सराव त्यांच्याकडून करवून घेतला. पूर्वी आठवड्यातून तीन तासांहून अधिक वेळ पडद्यावरचे खेळ खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी आणि गती २७ टक्क्यांनी अधिक आढळली. केवढे टाळीचे वाक्य! मुलीने ते अधोरेखितही केले. बाईंनी विचारले, ‘खेळल्यामुळे हात चांगले झाले, की ज्यांचे हात मुळात चांगले त्यांना खेळ आवडले?’ या अभ्यासावरून ते सांगता येत नाही. दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण मराठी माणसाला कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाने शिकवलेली नाही. आणि हाच न्याय आईच्या मतालाही लागू पडतो : मुलगा खेळतो आणि मुलगा वाचताना अडखळतो, या दोन गोष्टी खऱ्या, पण पहिलीमुळे दुसरी, की दुसरीमुळे पहिली? वाचनात रोज हार खाणारा मुलगा जेथे आपण जिंकतो तेथे धाव घेतो, असे तर नसेल?

या प्रश्नाने मुलगी पादुआच्या प्रयोगापर्यंत पोहोचली. इटलीतील या जुन्या विद्यापीठाच्या नगरात संशोधकांनी वाचनदोष असलेल्या वीस मुलांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना धावपळीचे, झटपट प्रतिसाद मागणारे खेळ दिले, निम्म्यांना संथ खेळ दिले. एकूण बारा तास खेळ; वाचनाचा कोणताही धडा नाही. धावपळीचे खेळ खेळलेल्या मुलांचा वाचनाचा वेग वाढला, आणि वेग वाढूनही चुका वाढल्या नाहीत. अशा मुलाची एका वर्षात आपोआप जेवढी प्रगती होते, तिच्याहूनही ही वाढ अधिक होती, असे संशोधकांनी नमूद केले. कारण काय? वाचणाऱ्याला एका वेळी एका अक्षरावर नजर रोवावी लागते आणि शेजारच्या अक्षरांची गर्दी बाजूला सारावी लागते. म्हणजे वाचन हे काही अंशी अवधानाचे काम आहे, आणि त्या अवधानाचा सराव खेळात होतो, असे त्यांचे म्हणणे.

मुलीच्या मनात काय आले असेल, हे सांगायला नको. हा कागद आईपुढे धरावा, ‘बघ, खेळू दे त्याला’ असे म्हणावे, आणि घरातील रोजची कटकट मिटवावी! परंतु वीस मुले म्हणजे किती? एका वर्गाच्या दोन रांगा. त्यांतली प्रत्यक्ष लाभ झालेली दहा. शिवाय तो खेळ संशोधकांनी निवडलेला, वेळ मोजलेली, आणि मुले आधी तपासून, वाचनदोष निश्चित करून घेतलेली. तिच्या भावाला तर अजून कोणी तपासलेलेच नाही. त्याला दटावले आहे, शिकवणी लावली आहे, नवसही बोलून झाले आहेत, तपासलेले नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने स्थान दिले आहे. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने तो प्रश्न घरोघर नेला होता. तरीही पाचवीतला मुलगा अडखळला, की दोष आधी आळसाला आणि मग मोबाईलला दिला जातो. खेळाने वाचन सुधारते असे आईला सांगण्याचा अधिकार आपल्याला या प्रयोगाने दिलेला नाही, हे मुलीने ओळखले. वाचनाचा अडथळा निराळ्याच ठिकाणी असू शकतो, एवढे मात्र ती सांगू शकत होती.

यापुढची सामग्री तिने झरझर जमवली. खेळ माणसाला एकलकोंडा करतो, या आक्षेपाला तिने वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘फोल्डइट’ या खेळाचे उत्तर ठेवले. २००८ मध्ये सुरू झालेल्या या खेळात प्रथिनांच्या साखळ्या पडद्यावर योग्य रीतीने दुमडावयाच्या असतात. माकडांना एड्ससारखा रोग देणाऱ्या एका विषाणूतील एका प्रथिनाची घडण दहा वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांना उलगडत नव्हती. ती खेळाडूंनी आपसांत डाव वाटून घेऊन सुमारे तीन आठवड्यांत सुचवली, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय निबंधावर लेखक म्हणून खेळाडूंच्या गटांचीही नावे आली. त्यांतील बहुतेकांचे जीवरसायनाचे शिक्षण झालेले नव्हते. खेळ परकेच असतात, या आक्षेपाला तिने पुण्यात तयार होऊन २०२० मध्ये बाहेर पडलेल्या ‘राजी’चे उत्तर ठेवले. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्या खेळाची नायिका आहे. हे उदाहरण तिने का निवडले, ते तिने कोणाला सांगितले नाही.

हिंसेच्या आक्षेपाला उत्तर देताना तिने ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा आधार घेतला. चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांत हिंसक खेळांचा वेळ आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध आढळला नाही. आणि त्या संशोधकांनी आपण काय मोजणार हे आधीच लिहून जाहीर केले होते, म्हणजे मागाहून सोयीचे तेवढे निवडण्याची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. ही शिस्त तिला फार आवडली. धंद्याचा मुद्दा मात्र तिने टाकून दिला. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रात्यक्षिक म्हणून झालेल्या संगणकीय खेळांत भुजच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळवले, २०२३ मध्ये हांगचौ येथे अशा खेळांना पूर्ण पदकांचा मान मिळाला, हे सारे खरे. पण एका पदकाच्या भरवशावर हजारो मुलांनी अभ्यास सोडावा असे सांगणे म्हणजे लॉटरीचे तिकीट घ्यायला सांगण्यासारखेच; आणि जुगाराची रेषा तर तिने आपल्याच हाताने ओढली होती.

राहिली कबुली. बहुतेक वक्ते प्रतिपक्षाचे खरे मुद्दे दडवतात. बाईंनी तिला तेच आधी मांडायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात २०१९ मध्ये खेळण्याच्या विकाराचा समावेश झाला आणि ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सारे मागे पडणे, हानी दिसत असूनही खेळणे न थांबणे, आणि हे बहुधा बारा महिने तरी चाललेले असणे, अशी त्याची लक्षणे आहेत. बुद्धी वाढवण्याचे आश्वासन देणारे खेळ विकणाऱ्या ‘लुमॉसिटी’ या कंपनीने जाहिरातीतील दिशाभुलीच्या आरोपावरून जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला वीस लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. ऑक्सफर्डच्याच संशोधकांना आधी खेळण्याचा वेळ आणि मनाचे समाधान यांत थोडासा अनुकूल संबंध दिसला होता. पुढे २०२२ मध्ये जवळजवळ एकोणचाळीस हजार खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा खेळण्याच्या वेळेचा समाधानावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, ना चांगला, ना वाईट. अशा रीतीने दहा फायद्यांच्या वहीत अखेर दोन-तीनच उरले : नजरेचे आणि अवकाशाचे काही कौशल्य, चुकून पुन्हा करण्याचा निर्भय सराव, कारण खेळात शंभरदा हरले तरी कोणी प्रगतिपुस्तकावर लाल शाईने लिहीत नाही, आणि अनोळखी माणसांशी जुळवून घेत एका कामाला लागणे. एवढ्याचीच बाजू तिने घ्यायची ठरवली.

संमेलनाच्या दिवशी ती तशीच बोलली. सभागृह शांत होते. टाळ्या बेताच्याच पडल्या. प्रतिकूल पक्षाचा मुलगा उंचापुरा, आवाजाचा आणि सभेच्या मनातले बोलणारा होता. प्रश्नांच्या फेरीत त्याने खडा टाकला, ‘उद्या तुझ्या भावाची परीक्षा असली, तर आज तू त्याच्या हातात मोबाईल देशील का?’

‘नाही,’ ती म्हणाली. सभागृहात हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, ‘क्रिकेटची बॅटही देणार नाही. म्हणून क्रिकेट वाईट ठरत नाही. आणि परीक्षा झाल्यावर तो नापास झाला, तर दोष बॅटीचा की मोबाईलचा, हे ठरवण्याआधी मी त्याला पुस्तकातली अक्षरे कशी दिसतात ते विचारीन.’

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. सभेने हात वर करून कौल दिला तो प्रतिकूल पक्षाला. चषकही त्या मुलालाच मिळाला, आणि त्याचे भाषण चांगले होते हे नाकारता येणार नाही. परीक्षकांनी मुलीच्या कागदावर काय शेरा लिहिला, ते तिला कळले नाही.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत तिची आई शाळेत आली. चषकाविषयी ती काही बोलली नाही, मोबाईलविषयीही नाही. धाकट्याचे मराठीचे पुस्तक तिने पिशवीतून काढले, बाईंपुढे ठेवले आणि विचारले, ‘बाई, मुलाच्या वाचनाची तपासणी कुठे करून मिळते?’